नागपूरचे ऊन आणि वरमालेची फुले

लग्नातील वरमाला किंवा पुष्पगुच्छ काचेच्या चौकटीत अथवा पारदर्शक ठोकळ्यात कायमचा जपून ठेवण्याची हौस अलीकडे महाराष्ट्रातील शहरांत चांगलीच रुजली आहे. तिच्याकडे बहुधा सजावटीचा एक प्रकार म्हणून पाहिले जाते, परंतु मुळात तो पाण्याचा प्रश्न आहे. ताज्या पाकळीच्या वजनात साधारणपणे ८० ते ९० टक्के पाणी असते. देठ कापल्यानंतरही पेशींतील विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, आपले काम थांबवत नाहीत आणि ओल आहे तोवर बुरशीलाही वाव मिळत राहतो. या दोहोंच्या आधी पाणी काढून घेतले तर फूल टिकते. १९२२ मध्ये सापडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यात तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या फुलमाळा ओळखू येतील अशा स्थितीत मिळाल्या, यात इजिप्तच्या कोरड्या हवेचा वाटा मोठा आहे.

या दृष्टीने नागपूरला निसर्गाने एक सोय आयतीच करून दिली आहे. एप्रिल-मे हा विदर्भातील ऐन लग्नसराईचा काळ, आणि याच दिवसांत दुपारची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवा जेवढी वाफ सामावू शकते तिच्या तुलनेत तीत प्रत्यक्ष असलेली वाफ, वारंवार २५ टक्क्यांच्या खाली जाते. २३ मे २०१३ रोजी तर येथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. अशा हवेत उलटी टांगलेली गुलाबाची जुडी लवकर वाळते. मात्र याच दिवसांत घरोघरी कूलर चालू असतात आणि कूलर ओल्या ताट्यांतून हवा ओढून तिच्यात वाफ मिसळत असल्यामुळे, माणसांना सुखावणारी खोली फुलांच्या मुळीच उपयोगाची नसते. त्यांना कूलर नसलेली, अंधारी, वरच्या मजल्यावरची तापणारी खोलीच मानवते. उघड्या उन्हात ठेवल्यास पाणी लवकर जाते हे खरे, पण प्रकाशाने रंगही उडतो.

टांगून वाळवलेल्या फुलाच्या पाकळ्या आखडतात, आणि दोन कागदांत दाबून वाळवलेले फूल सपाट होते. आकार जसाच्या तसा हवा असेल तर फूल एखाद्या कोरड्या, बारीक कणांच्या पदार्थात पुरावे लागते. धुऊन, वाळवून, चाळून घेतलेली नदीची वाळू हा त्यातला जुना आणि स्वस्त मार्ग. पण वाळू स्वतः पाणी शोषत नाही, ती केवळ पाकळ्यांना आधार देते आणि वाफ कणांमधील फटींतून वर निघून जाते, त्यामुळे या पद्धतीला आठवडे लागतात. सिलिका जेल हा सच्छिद्र पदार्थ मात्र आपल्या वजनाच्या सुमारे एकतृतीयांश पाणी स्वतःच्या पृष्ठभागावर धरून ठेवतो आणि हवाबंद डब्यात गुलाबासारखे फूल साधारणपणे आठवडाभरात वाळवतो. त्याचे कण साखरेहून जाड नसावेत, नाहीतर पाकळ्यांवर खळगे उमटतात. लखनऊच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने फुले-पाने वाळवून शोभेच्या वस्तू करण्याचे तंत्र विकसित करून त्याचे प्रशिक्षणही दिले आहे, तेव्हा ही केवळ हौशी लोकांची खटपट आहे असे समजण्याचे कारण नाही.

रंगाच्या बाबतीत मात्र ग्राहकाची अपेक्षा आणि रसायनशास्त्र यांचे सहसा जमत नाही. लाल गुलाबाचा रंग अँथोसायनिन या द्रव्यामुळे येतो. पाणी आटले की ते दाट होते, पेशीरसाची आम्लताही बदलते आणि फूल काळपट दिसू लागते. झेंडूचा पिवळा-केशरी रंग कॅरोटिनॉइड वर्गातील द्रव्यांचा असल्याने बराच टिकतो, आणि म्हणूनच बाजारात सर्वांत साधे मानले जाणारे हे फूल जतनाच्या कामी महागड्या गुलाबापेक्षा भरवशाचे ठरते. सर्वांत कठीण पांढरी फुले: मोगरा आणि निशिगंध यांच्यातील फिनॉल वर्गातील द्रव्यांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन, कापलेले सफरचंद जसे तांबूस पडते तशाच पाकळ्या तपकिरी होतात. पांढरी वरमाला पांढरीच राहील असे आश्वासन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, किंवा वाळल्यानंतर तिच्यावर रंग चढवला जाईल हे गृहीत धरावे. विदर्भात पळसाची फुले होळीच्या रंगासाठी वाळवून ठेवतात खरी, पण तेथे रंगाशीच काम असते, आकाराची कोणी पर्वा करत नाही.

सध्या सर्वाधिक मागणी असलेले इपॉक्सी रेझिन म्हणजे दोन द्रव एकत्र केल्यावर स्वतःहून घट्ट होणारे प्लास्टिक. घट्ट होताना ते उष्णता बाहेर टाकते. मे महिन्यातल्या दुपारी जाड थर एकदम ओतला तर मिश्रण हाताबाहेर तापून पिवळे पडते किंवा तडकते, म्हणून पहाटे, पातळ थरांनी ओतणे श्रेयस्कर. फुलात ओल राहिली असेल तर बुडबुडे येतात, आणि पाकळ्या ठोकळ्याच्या आतच काळवंडत जातात; त्यावर नंतर कोणताही उपाय नसतो. अतिनील किरणांनी रेझिन कालांतराने पिवळसर होते, त्यामुळे त्याला अविनाशी म्हणणे ही विक्रेत्यांची अतिशयोक्ती आहे. घट्ट करणाऱ्या द्रवामुळे त्वचेला ॲलर्जी होऊ शकत असल्याने हातमोजे आणि वाहती हवा आवश्यक असते.

खरी कसोटी पावसाळ्यात लागते. वाळलेली पाकळी हवेतील ओल पुन्हा शोषून घेते. त्यामुळे मे महिन्यात उत्तम वाळलेली, पण उघडीच ठेवलेली फुले जुलैत मऊ पडून बुरशी धरतात. मोसमी पाऊस नागपुरात साधारणपणे जूनच्या मध्यास पोहोचत असल्याने चौकट त्यापूर्वीच हवाबंद करावी आणि तिच्या मागच्या कप्प्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी. पुडीतील दाणे नारिंगीचे हिरवे झाले की ती बदलावी. निळ्याचे गुलाबी होणारे दाणे मिळाल्यास त्यांत कोबाल्टचे विषारी संयुग असते, म्हणून ते मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.