हॉस्टेलमधून मोबाईल चोरीला गेला तर



गटातल्या कितीतरी जणींच्या मुली शिकायला बाहेरगावी, हॉस्टेलवर आहेत. आज बोलू या कॉलेजातल्या चोरीबद्दल, त्यातही मोबाईलबद्दल. कारण शिष्यवृत्ती जमा होते ते बँकखातं बहुतेक वेळा त्याच नंबरला जोडलेलं असतं.

कॉलेजात चोरी व्हायला भिंत ओलांडावी लागत नाही. परीक्षेच्या वेळी वर्गाबाहेर बॅगांचा ढीग असतो, मोबाईल त्यातच. हॉस्टेलात मुलगी मोबाईल चार्जिंगला लावून आंघोळीला जाते, खोलीला नुसती कडी. गेटवर रखवालदार असला तरी बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो. चोरीचा कुठला, हे तो कसं ओळखणार? तेव्हा पाच मिनिटांसाठी गेलं तरी खोलीला कुलूप हवं.

तरीही मोबाईल गेलाच, तर मैत्रिणीच्या फोनवरून आधी कंपनीला सांगून सिम बंद करायचं, मग बँकेला कळवायचं. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन. रेक्टरकडे त्याच दिवशी लेखी अर्ज द्यायचा, की कॅमेऱ्यातलं चित्रण जपून ठेवा. ते काही दिवसांनी पुसलं जातं.

पण हे सगळं मुलीनं लगेच सांगितलं तर. 'घरी कळलं तर शिक्षण बंद करतील' या धाकानं मुली गप्प बसतात, आणि तेवढ्यात खातं रिकामं होतं. तिचा फोन आला की आधी 'सिम बंद केलंस का' एवढंच विचारा. रागवायचं ते नंतर रागवा.

पोलीस ठाण्यात एक शब्द नीट बघायचा. मोबाईल चोरला असेल तर कागदावर 'चोरी' लिहिलं पाहिजे, 'गहाळ' नाही. गहाळ म्हणजे आपल्याच हातून हरवला; त्यात चोरीचा गुन्हा दाखल होत नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात, हद्द दुसरीकडची असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्यात नोंद घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांना टपालानं लेखी तक्रार पाठवता येते.

पोलिसांचा कागद आणि त्याच नंबरचं नवं सिम मिळालं, की सरकारच्या 'संचार साथी'वर मोबाईल बंद करून घेता येतो. मग चोरानं दुसरं सिम घातलं तरी देशातल्या कुठल्याच कंपनीचं नेटवर्क त्याला मिळत नाही. मोबाईल परत मिळाला तर तिथूनच पुन्हा सुरू करता येतो.

त्यासाठी आयएमईआय नंबर लागतो. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असं दाबलं की १५ आकडे दिसतात. दोन सिमच्या मोबाईलला असे दोन नंबर असतात. आज मुलीशी बोलाल तेव्हा ते विचारून वहीत लिहून ठेवा, आणि मोबाईलची पावती घरच्या पेटीत ठेवा.