भाग ९ : लॅपटॉपचा ताप कोण मोजतं, आणि कोण सांगतं?



गेल्या महिन्यात आमच्या घरचा लॅपटॉप व्हिडिओ कॉल चालू असताना अचानक बंद पडू लागला. इथल्याच, बंगळुरूतल्या एका दुकानात दाखवला. उत्तर आलं, "सर, मदरबोर्ड गेला. २२ हजार." मी विंडोजवर तापमान बघितलं, तर २७.८ अंश! म्हणजे तापत तर नाही. मग बोर्डच गेला असणार, असं मलाही वाटलं.

पण सकाळी २७.८, भर दुपारीही २७.८, आणि कॉल चालू असतानाही २७.८? फौजेत एक गोष्ट अंगवळणी पडते. जी चौकी रोज शब्दशः तोच रिपोर्ट पाठवते, तिथे स्वतः जाऊन बघायचं. म्हणून हा रिपोर्ट नेमका येतो कुठून, ते शोधायला बसलो.

पहिली चौकी प्रोसेसरच्या आत. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये प्रत्येक कोअरला स्वतःचा सेन्सर असतो. गंमत म्हणजे तो तापमान सांगतच नाही. कमाल मर्यादेला किती अंश बाकी आहेत, तेवढंच तो एका रजिस्टरमध्ये लिहितो. मर्यादा १०० असेल आणि बाकी ३५, तर तापमान ६५. ही वजाबाकी करतो ड्रायव्हर. लिनक्समध्ये त्याचं नाव 'कोअरटेम्प'. एएमडीच्या प्रोसेसरसाठी 'के-टेन-टेम्प' असतो.

पुढे लिनक्स हा आकडा एका साध्या फाइलसारखा समोर ठेवतो. 'सिस' फोल्डरमधल्या 'क्लास'मध्ये 'एचडब्ल्यूमॉन' आहे, तिथे 'टेम्प-वन-इनपुट' अशा नावाची फाइल मिळते. उघडली तर आत ६५००० दिसेल. घाबरू नका! हे अंशाचे हजारावे भाग आहेत. दशांश चिन्हाची भानगड नको म्हणून असं लिहितात. हजारानं भागा, ६५ आले. शेजारच्या 'लेबल' फाइलमध्ये सेन्सरचं नाव आणि 'क्रिट' फाइलमध्ये धोक्याची मर्यादा असते. तापमान दाखवणारी बहुतेक सॉफ्टवेअर इथूनच वाचतात. एक सावधगिरी मात्र घ्या. 'एचडब्ल्यूमॉन'चे क्रमांक मशीन परत सुरू केल्यावर बदलू शकतात, म्हणून क्रमांकावर नव्हे, नावावर विसंबावं.

आता विंडोज. तिथे मी वापरलेला प्रोग्राम 'एसीपीआय' या मार्गानं, म्हणजे मदरबोर्डच्या फर्मवेअरला विचारून उत्तर आणत होता. फर्मवेअर उत्तर देतं केल्विनच्या दहाव्या भागांत. माझ्याकडे उत्तर येत होतं ३०१०. म्हणजे ३०१ केल्विन, वजा २७३.१५, बरोबर २७.८५ अंश. काही मशीनच्या फर्मवेअरमध्ये हा आकडा कायमचा लिहून ठेवलेला असतो! सेन्सरला कुणी विचारतच नाही. माझी चौकी ती हीच. कोअरचं खरं तापमान दाखवणारे विंडोजवरचे प्रोग्राम त्यासाठी स्वतःचा ड्रायव्हर बसवतात, ते उगाच नाही.

मग पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, एक व्हिडिओ लावला आणि फाइल वाचत बसलो. ५८, ७४, ८९, ९७! मर्यादेजवळ आला की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही आवरलं नाही की मशीन बंद होतं. मागचं झाकण उघडलं तर पंख्यात धुळीची गादी. साफसफाई केली, नवी थर्मल पेस्ट लावली. खर्च ६०० रुपये. आता तोच व्हिडिओ ७० च्या आत चालतो.

हा प्रश्न घरच्या लॅपटॉपपुरताच नाही. आपल्या पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ मध्ये डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' उभा केला. त्याच घराण्यातला ३.३ पेटाफ्लॉप्सचा 'परम प्रवेग' २०२२ पासून इथे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहे. अशा यंत्रात शेकडो नोड असतात. तिथे एखादा सेन्सर खोटं बोलला, तर फटका किती मोठा, याचा अंदाज करा.

तेव्हा तीन गोष्टी लक्षात ठेवा. काम वाढवलं की आकडा हलतो का, ते बघा. तो कोणत्या सेन्सरचा आहे, ते बघा. आणि मर्यादेपासून किती दूर आहे, ते बघा. न हलणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवून पाकीट उघडू नका.

पुढच्या भागात पंख्याचा वेग कोण ठरवतं, ते पाहू. जय हिंद!