अर्ध्या मात्रेचा हिशेब

एका वाचकांनी पृच्छा केली आहे की, रक्तदाबाची गोळी चालू असूनही दाब पुरेसा उतरेना, तेव्हा तिचीच मात्रा दुप्पट न करता डॉक्टरांनी निराळ्या जातीची दुसरी गोळी जोडून दिली, ही औषधविक्रेत्याची भर करण्याची तजवीज तर नव्हे? शंका स्वाभाविक आहे. आरोप मात्र गैरवाजवी आहे.

लॉ, वाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५४ चाचण्यांचे दप्तर एकत्र तपासून २००३ साली जो निष्कर्ष मांडला, त्यानुसार प्रचलित मात्रेने वरचा दाब सरासरी ९.१ मिलिमीटर उतरतो, तर निम्म्या मात्रेने ७.१. याउलट पायांवरची सूज, थकवा इत्यादी उपद्रव मात्रेबरोबर वाढत जातात. अपवाद एसीई-रोधकांच्या कोरड्या खोकल्याचा, जो मात्रा कितीही असली तरी पिच्छा सोडत नाही! चरकात पिळून काढलेले चिपाड पुन्हा घातले तर रस थोडा आणि कुरकुर फार. त्यापेक्षा नवे कांडे घालावे. एका औषधाने दाब उतरताच मूत्रपिंडे मीठ-पाणी राखून तो पूर्ववत करू पाहतात. दुसरे औषध ती पळवाट अडवते. (अर्थात ही जोडणी डॉक्टरांनी करावयाची, वाचकांनी घरी गोळ्या मोडू नयेत.)

हा धडा मिळण्यापूर्वी एका भारतीय मुळीला फार सोसावे लागले. सर्पगंधेच्या दाब उतरविण्याच्या गुणाविषयी कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ सालीच लिहिले होते. परंतु मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांवरील अनुभव १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे पाश्चात्त्य वैद्यकाने तिची दखल घेतली. वकिलांना १९५७ साली लास्कर पारितोषिक मिळाले, तरी येथे त्यांचे नाव निघते ते क्वचितच, ही माझी जुनी तक्रार आहे.

त्या मुळीतून बाझलच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी १९५२ साली रेसर्पिन वेगळे काढले आणि ते सढळ हाताने, दिवसाला अर्धा मिलिग्रॅम किंवा त्याहूनही अधिक, दिले जाऊ लागले; रुग्ण खिन्न होऊ लागले आणि अपराध बव्हंशी मात्रेचा असता बदनामी औषधाच्या वाट्यास आली. पुढे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील 'शेप' या चाचणीत वृद्धांना क्लोरथॅलिडोन, जे एके काळी दिवसाला पन्नास ते शंभर मिलिग्रॅम देत, ते साडेबारापासून सुरू करण्यात आले आणि पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले. तेथे रेसर्पिनलाही थारा मिळाला, दुय्यम पर्याय म्हणून. आरंभीची मात्रा, ०.०५ मिलिग्रॅम.