गच्चीच्या पोटातलं पाणी

मुंबईतली एखादी व्यापारी इमारत डोळ्यांसमोर आणा. खाली दुकानं, वर गाळे आणि कार्यालयं, सगळ्यांत वर सपाट गच्ची. गच्ची ५०० चौरस मीटरची धरू, म्हणजे साधारण ५,४०० चौरस फूट. एक मिलिमीटर पाऊस पडला की प्रत्येक चौरस मीटरवर बरोबर एक लिटर पाणी येतं. मुंबईत वर्षाकाठी सुमारे २,२०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. म्हणजे या एका गच्चीवर दर पावसाळ्यात अकरा लाख लिटर पाणी उतरतं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तसा पाऊस या गच्चीवर पडला तर एका दिवसात ४७२ टन पाणी येईल. आणि खालच्या संगणकांच्या, कापडाच्या गठ्ठ्यांच्या, फायलींच्या डोक्यावर ते अडवायला असतो जेमतेम वीतभर जाडीचा थर: खाली साधारण पाच इंचांची काँक्रीटची स्लॅब, तिच्यावर साडेचार इंचांचा विटांचा कोबा.

हा कोबा मला फार विलक्षण वाटतो. स्लॅबवर विटांचे तुकडे बसवायचे, मधल्या फटींत सिमेंट-वाळूचा माल भरायचा आणि सगळ्या पृष्ठभागाला पाणी बाहेर जाण्याच्या तोंडाकडे उतार द्यायचा. दहा मीटरला दहा सेंटिमीटर, म्हणजे उभं राहून पाहिलं तर जाणवणारही नाही इतका. वर घोटलेला सिमेंटचा थर किंवा फुटक्या पांढऱ्या टाइल्सचं चायना मोझॅक. या पांढऱ्या रंगालाही काम आहे. तो ऊन परतवतो. काळा डांबरी पृष्ठभाग मे महिन्यात साठ अंशांच्या वर सहज तापतो. पण वीट स्वतः जलरोधक नाही, ती पाणी पिते. कोबा पाण्याला अडवतो त्याहून जास्त त्याला वाहतं ठेवतो. पाणी थांबलं नाही, तर मुरायला त्याला वेळच मिळत नाही. जुन्या गवंड्यांनी उतारावर एवढा जीव टाकला तो त्यामुळेच.

मग गच्ची गळते कुठून? भर मैदानातून क्वचितच. गळते ती कडेला, कोपऱ्यात, पाइपाच्या गळ्याशी. याचं कारण गच्ची हलते. तीस मीटर लांबीचं काँक्रीट तीस अंशांनी तापलं की सुमारे नऊ मिलिमीटरनं लांबतं आणि रात्री पुन्हा आखडतं. शेजारचा विटांचा कठडा त्याच तापमानाला जवळपास निम्माच लांबतो. वर्षानुवर्षं ही ओढाताण चालू राहते आणि ती सहन करायची कुणी, तर कठडा आणि कोबा यांच्यामधल्या सांध्यानं. म्हणून तिथे काटकोन न ठेवता मालाची गोलाई देतात. कारागीर तिला वाटा म्हणतात. कठड्याच्या मुळाशी केसासारखी भेग दिसली तर ती क्षुल्लक समजू नये. जूनच्या पहिल्या सरीत तापलेल्या कोब्यावर गार पाणी पडतं, तेव्हा याच भेगा उघडतात.

भेग जितकी बारीक तितकी केशाकर्षणाची ओढ जास्त. पाणी आत खेचलं जातं, कोब्यात शिरतं आणि स्लॅबच्या माथ्यावर आडवं पसरतं. मग स्लॅबमध्ये जिथे कमकुवत जागा सापडेल तिथून खाली उतरतं. त्यामुळे पंख्याच्या हुकाजवळ ठिबकणारं पाणी कित्येक मीटर दूरच्या कोपऱ्यातून आलेलं असू शकतं. खालच्या ओल्या डागाच्या बरोबर वर जाऊन सिमेंट थापणं हा आपल्याकडचा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी इलाज आहे.

आता कोब्याचं वजन पाहा. चौरस मीटरला दोनशे किलोंच्या घरात, म्हणजे आपल्या गच्चीवर शंभर टन. त्यानं स्वतःच्या वजनाच्या दहा टक्के पाणी जरी शोषलं, तरी दहा टन पाणी झालं, म्हणजे दहा हजार लिटरचा एक अख्खा टँकर. वरून गच्ची कोरडी ठणठणीत दिसते, पाखरं बसतात, आणि आत टँकर भरलेला असतो. पाऊस संपून तीन आठवडे झाले, ऑक्टोबरचं ऊन तापलं, तरी खाली थेंब का पडतात, या कोड्याचं उत्तर हे आहे. तो थेंब ऑगस्टमधल्या पावसाचा असतो.

हे पाणी पुढे स्लॅबमध्ये शिरलं की चुनखडीच्या गुहांची आठवण करून देणारी रसायनक्रिया आपल्या कार्यालयाच्या छतात सुरू होते. सिमेंटमधला चुना पाण्यात विरघळतो, पाण्याबरोबर खाली येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडला भेटतो आणि कॅल्शियम कार्बोनेट होऊन तिथेच थिजतो. छतावर पांढरे ओघळ उमटतात. दुर्लक्षित पार्किंगमध्ये, पुलांखाली तर बोटभर लांबीच्या पांढऱ्या नळ्या लोंबताना दिसतात. त्या गुहेतल्या लवणस्तंभांपेक्षा कितीतरी पटींनी वेगानं वाढतात. याच क्रियेची दुसरी बाजू थक्क करणारी आहे. भेग अगदी बारीक असेल, मिलिमीटरच्या दहाव्या हिस्स्याएवढी, तर हेच कार्बोनेट तिच्यात भरत जातं आणि काँक्रीट आपली जखम आपणच बुजवतं. एखादी गळती कुणी काही न करता थांबते, तेव्हा ही शक्यता असते.

पांढरा डाग म्हणजे पाणी स्लॅब ओलांडून आलं. तपकिरी डाग म्हणजे त्यानं वाटेत सळई गंजवली, आणि हा फरक फार मोठा आहे. चांगल्या काँक्रीटचा सामू साडेबारा-तेराच्या आसपास असतो. इतक्या अल्कधर्मी वातावरणात लोखंडावर काही नॅनोमीटर जाडीचं एक अदृश्य कवच तयार होतं आणि पाणी, हवा दोन्ही असूनही सळई गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षागणिक आत सरकत असतो आणि जाईल तिथली अल्कता मारतो. त्याची चाल वर्गमुळाची आहे: दहा वर्षांत दहा मिलिमीटर आत गेला असेल, तर वीस मिलिमीटर जायला त्याला वीस नव्हे, चाळीस वर्षं लागतील. उलट बाजूनं वाचलं की अंगावर काटा येतो. स्लॅब भरताना सळईखाली अंतर राखणारे कव्हर ब्लॉक न घातल्यानं सळईखाली वीसऐवजी दहाच मिलिमीटर काँक्रीट राहिलं, तर सळईचं संरक्षित आयुष्य निम्मं होत नाही, पाव होतं. समुद्राजवळ क्षारांमुळे हे कवच आणखी लवकर फुटतं. एकदा गंज धरला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो आणि खालचं काँक्रीट ढलप्यांनी सुटतं.

म्हणून माझ्या मते दुरुस्ती की बदल, हा प्रश्न गच्चीचं वय विचारून सुटत नाही, किती ठिकाणी गळतंय ते मोजूनही सुटत नाही. पाणी कुठपर्यंत पोचलंय, एवढंच शोधायचं असतं. ते वरच्या सांध्यांपाशीच असेल तर दुरुस्ती पुरते: भेग कापून भरा, वाटा नव्यानं करा, पाइपाचा गळा लवचीक मसाल्यानं बंद करा. अशा गच्चीचा सगळा कोबा उखडणं ही शुद्ध उधळपट्टी आहे. पाणी कोब्याच्या पोटात साठलं असेल तर मात्र वरून काहीही लावून उपयोग नाही. ओल्या कोब्यावर जलरोधक मेम्ब्रेन चिकटवलं की पाणी आत कोंडतं. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशेपट जागा मागते; उन्हात मेम्ब्रेनला फोड येतात आणि दहा वर्षांच्या वॉरंटीचा कागद दोन पावसाळ्यांत फोल ठरतो. तिथे कोबा काढावाच लागतो. आणि पाणी सळईपर्यंत गेलं असेल तर गच्चीची चर्चा बाजूला ठेवून आधी स्लॅबचा इलाज करायचा. तो खालून, टेकू लावून, स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या देखरेखीखाली.

हे न फोडता कळतं कसं? सर्वांत साधी युक्ती म्हणजे हातोडीनं ठोकत जाणं. घट्ट कोबा खणखणतो, सुटलेला पोकळ वाजतो. त्याहून सुंदर युक्ती उष्णतेच्या कॅमेऱ्याची. पाण्याची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता तेवढ्याच वजनाच्या काँक्रीटच्या चौपटीहून अधिक. दिवसभर ऊन खाल्लेल्या गच्चीचा कोरडा भाग सूर्यास्तानंतर भराभर निवतो, ओला भाग रेंगाळतो, आणि पडद्यावर पाण्याचा नकाशा उजळून येतो. मग संशय असेल तिथे दोन-तीन कोअर, म्हणजे काँक्रीटचे दंडगोल नमुने, काढून खात्री करायची. काढलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडलं की जिवंत अल्कधर्मी भाग गर्द गुलाबी होतो, मेलेला बेरंग राहतो. गुलाबी रेषा सळईच्या खाली आहे की वर, यावर लाखोंचा निर्णय ठरतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेतली ती छोटी बाटली इथे इमारतीचं भविष्य सांगते.

आपल्याकडचा सर्वांत धोकादायक मार्ग तिसराच आहे: जुना कोबा तसाच ठेवून त्यावर नवा घालायचा. उखडायचा खर्च वाचतो, मलबा उतरवावा लागत नाही, सभेत ठराव पटकन मंजूर होतो. पण हिशेब करा. माणसं जाऊ शकतील अशा गच्चीसाठी भारतीय मानकात माणसं-सामान यांचा भार चौरस मीटरला १५० किलो धरलेला असतो. नवा कोबा दोनशे किलोंचा. म्हणजे संपूर्ण गच्चीवर खांद्याला खांदा लावून माणसं कायमची उभी केल्यासारखं झालं, तेही गंज धरलेल्या सळयांच्या जिवावर. अमेरिकेत बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या इंटरनॅशनल बिल्डिंग कोडनुसार छतावर आधीच दोन आवरणं असतील तर तिसरं चढवता येत नाही. जुनं छत पाण्यानं भिजलेलं असेल तर त्यावर एकही नवं चढवता येत नाही. आपल्या प्रत्येक सोसायटीनं हा नियम स्वतःहून स्वीकारावा, असं मला मनापासून वाटतं. गच्चीवर पत्र्याची शेड हा दुसरा लोकप्रिय उपाय. ती पाऊस अडवते, पण आत सुरू झालेला गंज थांबवत नाही. शिवाय तिला पालिकेची परवानगी लागते आणि वादळी वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, हे तिचे खांब रोवताना विसरून चालत नाही.

नेहमीची निगा मात्र आश्चर्य वाटावं इतकी स्वस्त आहे. पाण्याच्या तोंडाशी प्लास्टिकची एक पिशवी अडकली आणि कठड्याच्या आत दहा सेंटिमीटर पाणी तुंबलं, की या गच्चीवर पन्नास टन बोजा चढतो. मे अखेरीला एकदा आणि पावसाळ्यात दर आठवड्याला जाळ्या साफ करणं, एवढ्यानं तो टळतो. पक्ष्यांच्या विष्ठेतून कठड्याच्या फटीत पिंपळ रुजतो. तो दोन पानांचा असतानाच मुळासकट काढायचा, कारण वरून छाटला की मूळ आत जाडच होत जातं. एसीचे स्टँड, जाहिरात फलकांचे खांब, सौर पॅनेलचे पाय कोब्यात भोक पाडून कधीच बसवू द्यायचे नाहीत. त्यांना काँक्रीटचे ठोकळे द्यायचे. व्यापारी गच्च्यांचा नाश पावसाइतकाच ड्रिल मशीननं केला आहे. गळतं वरच्या मजल्यावर, म्हणून खर्चही वरच्याच गाळेधारकानं करावा, हा युक्तिवादही चुकीचा आहे. गच्ची सगळ्यांची, आणि गंजणारी स्लॅबही सगळ्यांचीच.

तुमच्या इमारतीत हा विषय निघाला तर दरपत्रकं उघडण्याआधी कोअर काढायला सांगा. काम दिवाळीनंतर सुरू करा, म्हणजे कोबा सुकायला, नवा माल पाण्यावर ठेवून पक्का व्हायला पुरेसे महिने मिळतील. आणि करारात एक अट घाला: काम संपल्यावर सगळी तोंडं बुजवून गच्चीवर दोन इंच पाणी ४८ तास उभं ठेवायचं, आणि खालची स्लॅब कोरडी राहिली तरच शेवटचा हप्ता द्यायचा.