ताराबाईंचं किराणा

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला नुसतं ‘खाँसाहेब’ म्हटलं की अल्लादियाखाँच आठवतात. शाहू महाराजांचा आश्रय, त्यांचे मुलगे मंजीखाँ-भुर्जीखाँ, देवल क्लब हे सगळं आमच्या घरचं. मला मात्र कित्येक वर्षं ओढ लागली आहे ती शेजारच्या मिरजेतल्या अब्दुल करीमखाँसाहेबांच्या संसाराची. मंजीखाँ १९३७ साली गेले. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला करीमखाँही गेले, दूर दक्षिणेत, सिंगपेरुमाळकोविलच्या रेल्वे स्टेशनवर. अल्लादियाखाँची विद्या मुलांकडे गेली, ती नेहमीच्या वाटेने. करीमखाँच्या घरातली वाट वेगळी होती.

करीमखाँचं पहिलं लग्न नात्यातल्या गफूरन यांच्याशी झालं. गफूरन यांचे भाऊ म्हणजे किराणा घराण्याचे दुसरे थोर गवई अब्दुल वहीदखाँ. हे वहीदखाँ लहानपणी आमच्या कोल्हापुरात हैदरबक्षांकडे शिकायला होते. पुढे करीमखाँ बडोद्याच्या दरबारात आले. तिथे सरदार मारुतीराव माने यांची मुलगी तारा त्यांच्याकडे गाणं शिकू लागली आणि एकोणिसावं शतक सरता सरता दोघं बडोदा सोडून मुंबईला निघून गेली. सरदाराच्या मुलीने परधर्मी दरबारी गवयाबरोबर जायचं, याची त्या काळात काय किंमत मोजावी लागली असेल, ते सांगायला नको. ताराबाई ताहिराबीबी झाल्या.

संसार मिरजेत रुजला. मुलगा अब्दुल रहमान, मुली चंपाकली, गुलाब, सकीना आणि आणखी एक मुलगा कृष्णा. करीमखाँचं आर्य संगीत विद्यालय, पुण्या-मुंबईतल्या मैफली, म्हैसूरचा दरबार हा भाग चरित्रांतून भरपूर आला आहे. इथे तो ओलांडून मी थेट १९२२च्या सुमाराला येतो. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई बडोदेकर, गुलाबच्या कमलाबाई बडोदेकर आणि सकीनाच्या सरस्वती, म्हणजे पुढच्या सरस्वतीबाई राणे. करीमखाँच्या उत्तरायुष्यात त्यांच्या शिष्या बानूबाई लाटकर सहचारिणी म्हणून आल्या. त्यांना लोक सरस्वतीबाई मिरजकर म्हणून ओळखतात.

ताराबाई सोडून गेल्या आणि करीमखाँच्या गाण्यात करुणा उतरली, असं पुष्कळदा लिहिलं जातं. १९०५च्या सुमाराच्या त्यांच्या तबकड्या आणि १९३०च्या दशकातली झिंझोटी मी एकापाठोपाठ एक ऐकत आलो आहे. फरक आहे, मोठाच आहे. पण मधल्या तीस वर्षांत कर्नाटक संगीताचा सहवास होता, वाढतं वय होतं, रोजचा रियाज होता. ते सगळं बाजूला सारून बाईच्या जाण्यावर सारा भार टाकायचा, हे मला पटत नाही. अशा कथेत ताराबाई नवऱ्याच्या दुःखाचं निमित्त एवढ्यापुरत्याच उरतात.

त्यांनी मुलांच्या हाती काय दिलं ते पाहिलं पाहिजे. सुरेशबाबूंनी बहिणींना शिकवलं. हिराबाईंना पुढची तालीम मिळाली ती वहीदखाँकडून. म्हणजे करीमखाँच्या पहिल्या पत्नीचे सख्खे भाऊ दुसऱ्या पत्नीच्या मुलीला आपल्या घराण्याची विद्या देत होते! नात्यातला कडवटपणा या शिकवणीच्या आड आला नाही. याचं श्रेय मी वहीदखाँइतकंच ताराबाईंनाही देतो, कारण दुखावलेल्या बाईने नवऱ्याच्या घराण्याचं दार लावून घेतलं असतं, तर तिला कोण दोष देणार होतं?

या मुलांनी नाटक कंपनी काढली, तीत पुरुषांच्या बरोबरीने स्त्रिया रंगमंचावर उभ्या राहिल्या. हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि घरंदाज गाणं बैठकीतून सभागृहात आणलं. हिराबाई आणि सरस्वतीबाई या बहिणींची जुगलबंदी गाजली. ‘रामराज्य’ (१९४३) या चित्रपटातून सरस्वतीबाईंचा आवाज घराघरांत पोचला. माणिक वर्मा सुरेशबाबूंकडे शिकल्या, प्रभा अत्रे सुरेशबाबू आणि हिराबाई या दोघांकडे. सवाई गंधर्व आणि भीमसेन जोशी यांची थोर शाखा आहेच, पण बायकांच्या गळ्यातलं किराणा बऱ्याच अंशी ताराबाईंच्या घरातून आलं.

मिरजेला ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात करीमखाँची कबर आहे. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गवई गातात, रसिक रात्र जागवतात. त्या उत्सवाच्या संयोजकांना आणि संगीताची पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे: किराणा घराण्याचा वंशवृक्ष छापाल तेव्हा करीमखाँच्या शेजारी ताराबाई माने हे नाव छापा.