गूगलवर आपलं वाळवण सापडेल कसं?

आमच्या गटाने वेबसाइट काढली, पण वर्षभरात एकही ऑर्डर नाही. मग एकाचा फोन आला, 'पाच हजार भरा, गूगलवर पहिला नंबर देतो.' बचतीतले पैसे होते, तरी भरले. नंबर राहू द्या, पुढे त्याचा फोनही लागेना.

पहिल्या नंबराची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगल स्वतःच सांगतं. पैसे भरून वर दिसते ती जाहिरात, आणि तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. बाकीच्या यादीतली जागा विकत मिळत नाही.

मग आम्ही आमचीच वेबसाइट वाचून पाहिली. वर मोठ्या अक्षरात 'दर्जेदार गृहउद्योग उत्पादने'. असं कोण शोधतं हो? शहरातली बाई टाइप करते 'गव्हाच्या कुरडया', 'बाजरीच्या खारवड्या'. ही नावं आमच्याकडे होती, पण फोटोत छापलेली. फोटोतली अक्षरं गूगलला नीट कळतीलच असं नाही. म्हणून आता प्रत्येक पदार्थाचं वेगळं पान केलं. नाव, वजन, भाव, गाव, तालुका सगळं टाइप केलं. कुरडई आणि कुरडया, दोन्ही लिहिलं.

गूगलच्या नकाशावर व्यवसायाची नोंदही केली. ती फुकट होते. फक्त पडताळणीचा कोड कुणाला सांगू नका.

फरक दिसायला कधी आठवडे, कधी महिने लागतात. दर बैठकीत आम्ही शोधून बघतो. परवा खारवड्या पहिल्या पानावर दिसल्या. कुरडया अजून नाहीत.