गोठ्यातली पोथी

पिंगुळीत येणारे बहुतेक लोक राऊळ महाराजांच्या मठाकडे वळतात. संपादकांनी मला धाडलं होतं ते त्याच गावातल्या एका गोठ्याकडे. ठाकर समाजातले कलावंत परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये आपल्या गोठ्यात ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभं केलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि कुडाळजवळच्या या गावाचं नाव सगळीकडे पोचलं.

इथल्या ठाकरांच्या कलांना सावंतवाडीच्या राजघराण्याचा आश्रय होता. देवळांतून, उत्सवांतून त्यांचे खेळ होत. संग्रहालयात कळसूत्री बाहुल्या आहेत, पडद्यामागून सावली पाडणाऱ्या चामड्याच्या बाहुल्या आहेत, वाद्यं आहेत. ते सगळं पाहिलं, पण पाय अडले चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत कथा गाण्याच्या कलेच्या, पोथीपाशी.

पोथी म्हणजे सुट्या चित्रांची चळत. एका पोथीत एकच आख्यान, रामायण-महाभारतातलं, जसं बभ्रुवाहनाचं, किंवा लोकांच्या तोंडी घडलेलं, जसं अहिरावण-महिरावणाचं. माणसं एका बाजूने दिसणारी, डोळे टपोरे, रेघ ठसठशीत. या चित्रांना ‘पैठण शैली’ असंही म्हणतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. कथेकरी चित्र समोर उभं धरतो, वीणा आणि हुडूक यांच्या साथीने त्यावरचा प्रसंग गातो, बोलतो, पान उलटतो, की मागच्या बाजूला पुढचा प्रसंग तयार. दोन्ही बाजू सांगून झाल्या की ते पान खाली आणि चळतीतलं पुढचं वर. बाण सुटलेला या चित्रात, लागलेला पुढच्यात. मधलं सगळं गळ्यातून यायचं.

ही रचना मला विलक्षण वाटते, कारण ती चौकटीत मावत नाही. पोथीतलं एक पान काचेमागे लावलं की अर्धी कथा भिंतीकडे तोंड करून उभी राहते. पुण्याच्या केळकर संग्रहालयातही चित्रकथीची चित्रं आहेत, आणि ती तिथे सांभाळली गेली याचं मोल मोठं आहे. पण पिंगुळीत चित्र आणि ते गाणारा गळा एकाच छपराखाली आहेत. ज्यांची कला त्यांनीच ती मांडली आहे. पाहुणा आला तर पोथी सोडून, म्हणजे उघडून गाऊन, दाखवता येते, आणि हे मला कुठल्याही दालनापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

काळजी आहे ती यापुढची. कोकणातला पावसाळा कागदाचा वैरी. दमट हवा, बुरशी, कसर, वाळवी. जुन्या पोथ्या फुटून त्यांतली सुटी चित्रं दूरदूरच्या संग्रहांत गेली. पान हरवलं तर कथेचा तेवढा तुकडा आठवणीवर तरतो, आणि आठवणारा गेला की तोही जातो. नवी चित्रं काढणारे हात आहेत, ती विकलीही जातात. मात्र घेणाऱ्याला दिवाणखान्यात लावायला एक गणपती किंवा एक राम-सीता हवी असते. आख्यानातला क्रम, कुठल्या प्रसंगाला कुठली चाल, कुठे थांबून श्रोत्यांना जवळ ओढायचं, हे कोणी विकत घेत नाही. म्हणून चित्रकार घडतो तसा कथेकरी घडत नाही. रात्रभर ऐकणारं देऊळ पूर्वी त्याला घडवत असे. आता पाहुण्यांसाठी थोडक्यात कथा सांगायची वेळ येते, आणि थोडक्यात सांगता सांगता लांब सांगण्याची सवय सुटते.

ध्वनिमुद्रण व्हायला हवं, जुन्या पानांची नीट छायाचित्रं निघायला हवीत, हे खरंच. पण ध्वनिमुद्रणात एका रात्रीचं एकच सांगणं राहतं, आणि जाणता कथेकरी समोरचे लोक पाहून प्रसंग वाढवतो, आवरतो. ते शिकायला पोराने म्हाताऱ्याशेजारी बसून अख्खी पोथी पुन्हा पुन्हा सोडावी लागते. तेवढा काळ त्या पोराचं घर कशावर चालायचं, याची सोय गोठ्याचं संग्रहालय करणाऱ्या एकट्या कुटुंबावर टाकता येणार नाही. कलावंतांना सन्मान देणाऱ्या सरकारने शिकणाऱ्यालाही महिन्याचं मानधन द्यावं, आणि गावच्या देवस्थानांनी नवरात्रात एक रात्र पूर्ण आख्यानाला द्यावी.